अडीचशेचा ब्रेकर

रंगाऱ्याने जुन्या ट्रान्सफॉर्मरची नावाची पाटीसुद्धा रंगवून टाकली होती.

"साहेबांनीच सांगितलं होतं ना, पाहुणे येणार हायेत, एक इंच सोडू नका," मारोतराव म्हणाले. "त्यानं नाही सोडला."

सकाळचे साडेआठ वाजले होते. कार्यक्रम साडेअकराला. मी त्या करड्या, अजून पुरत्या न वाळलेल्या रंगाकडे बघत उभी होते. मला हवा असलेला एक आकडा त्याच्याखाली होता.

"मारोतराव, रॉकेल आहे?"

"आहे जी. काहून?"

"ही पाटी पुसायची आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा शामियान्याकडे पाहिलं. मारोतराव उईके सोनझरी उपकेंद्राचे सगळ्यात जुने ऑपरेटर. सव्वीस वर्षं नोकरी. मी चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली कनिष्ठ अभियंता, वय तेवीस, आणि त्या उपकेंद्रातली पहिली बाई. शहाऐंशी सालची गोष्ट. मी सांगितलेलं काम करायच्या आधी लोक सहसा कुणाला तरी विचारून यायचे. मारोतराव मात्र सरळ गेले, रॉकेलचा डबा आणि फडकं घेऊन आले, आणि "तुमच्या हाताला वास राहील" म्हणत स्वतःच घासायला लागले.

आधी कंपनीचं नाव वर आलं, मग साल, मग क्षमता: पंचवीस एमव्हीए, विजेची ताकद मोजायचं आमचं एकक. शेवटच्या ओळीवर त्यांनी दोनदा फडकं फिरवलं. अडथळा, दहा टक्के.

मी वहीत लिहून घेतलं. नव्या ट्रान्सफॉर्मरचाही दहाच होता, तो मी आधीच पाहिला होता. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी उपकेंद्राची माहिती लिहून काढायला मला सांगितलं होतं. ती लिहिता लिहिता, कॉलेजच्या सवयीने म्हणा, जुन्याचा अडथळा अंदाजाने धरून मी शॉर्टसर्किटचं गणित मांडलं होतं, आणि उत्तर बघून जेवण गेलं नव्हतं.

"काय निघालं?" मारोतरावांनी विचारलं.

"पाचशे एमव्हीए."

"आणि आपले ब्रेकर अडीचशेचे," ते म्हणाले. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. अकरा केव्हीच्या खोलीत ओळीने उभ्या असलेल्या प्रत्येक ब्रेकरवर तो कोरलेला होता. "पण बाई, हे पाचशे आणलं कुठून?"

मी वही त्यांच्यापुढे धरली. "शंभरचं एक माप धरायचं. मग ग्रिड असो, लाईन असो, ट्रान्सफॉर्मर असो, प्रत्येकाचा अडथळा त्याच मापात मांडायचा. एकशे बत्तीस केव्हीची बाजू कुठली आणि अकराची कुठली, ते बघायलाच लागत नाही. सरळ बेरीज. आता हा ट्रान्सफॉर्मर पंचवीसचा, त्याचा अडथळा दहा टक्के. शंभरच्या मापात चौपट, म्हणजे पॉइंट चार. आज आपण दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र जोडणार. विजेला दोन वाटा, म्हणून अडथळा निम्मा, पॉइंट दोन. शंभराला पॉइंट दोनने भागलं की पाचशे. बाहेर तिन्ही तारा एकदम एकमेकींना चिकटल्या तर एवढा लोंढा येईल, आणि तो ब्रेकरला तोडावा लागेल."

"आणि नाही तोडता आला तर?"

मी ब्रेकरच्या खोलीकडे पाहिलं. ब्रेकरच्या टाकीत तेल असतं. ठिणगी त्या तेलात विझवायची असते. ती विझली नाही तर तेल उकळतं आणि टाकी फुटते. आमचे ब्रेकर हाताने चालवायचे होते, म्हणजे मारोतरावांचा हात हँडलवर आणि छाती टाकीपासून दोन फुटांवर.

"माझा साडू होता एका उपकेंद्रात," मारोतराव म्हणाले आणि फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "साहेबाले सांगा, बाई. आत्ताच सांगा."

कार्यकारी अभियंता खानझोडे साहेब त्यांच्या खोलीत भाषणाचा कागद बघत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बस कपलर, म्हणजे अकरा केव्हीच्या दोन्ही भागांना जोडणारा स्विच, आज जोडून दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकत्र चालवायचे ठरलं होतं. ते करू नये, असं मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "ढोबळे, गेल्या उन्हाळ्यात इथला एकुलता एक ट्रान्सफॉर्मर गेला. गाव तीन दिवस अंधारात होतं. सरकारी दवाखान्यात कंदिलावर बाळंतपणं झाली. दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र असले की एक गेला तरी दिवा हलत नाही. त्यासाठी मी दोन वर्षं भांडलोय. आणि तुम्ही सांगताय, जोडू नका."

"साहेब, ब्रेकर एका ट्रान्सफॉर्मरच्या हिशोबाने घेतलेले आहेत."

"नकाशा मुख्य कार्यालयाने मंजूर केलाय."

"नकाशावर तारीख आठ वर्षांपूर्वीची आहे. त्यावर ट्रान्सफॉर्मर एकच आहे."

त्यांनी नकाशा ओढून घेतला, तारीख पाहिली, आणि बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमचं हे पाचशे मागची ग्रिड अमर्याद ताकदीची धरून आलेलं आहे. तशी ग्रिड पुस्तकात असते. मला खरा आकडा आणून द्या. आपल्या एकशे बत्तीस केव्हीच्या बाजूला मागून आज किती ताकद येते, तो. मग बोलू. अंदाजावर मी कार्यक्रम बदलणार नाही."

ते रास्त बोलत होते. म्हणूनच मी धावत सुटले.

खरा आकडा फक्त भार-नियंत्रण केंद्रात मिळणार होता, आणि तिथे लागणारा एकच फोन कंट्रोल रूममध्ये होता. विजेच्या तारांवरूनच बोलणं नेणारा तो फोन लागायला वीस मिनिटं गेली. लागला तेव्हा पलीकडचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता.

"कशाला हवाय?" त्या माणसाने विचारलं.

"शॉर्टसर्किटच्या गणिताला. तिन्ही फेज एकदम, संतुलित."

"थांबा. फाईल बघावी लागेल."

मी थांबले. रिसीव्हर कानाला घट्ट दाबला होता, दुसऱ्या कानात बोट घातलं होतं. बाहेर लाऊडस्पीकरवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. तेवढ्यात पुंडलिक लाईनमन आत आला. पहाटेपासून तो वॉटरवर्क्सच्या फीडरवर, म्हणजे गावाच्या पंपांना वीज नेणाऱ्या लाईनवर, काम करत होता. लाईनवर काम करायचं तर फीडर बंद करून लेखी परमिट देतात. काम संपलं की लाईनमन ते कार्ड परत आणतो, अभियंता त्यावर सही करतो, आणि मगच फीडर पुन्हा चालू करायचा. पुंडलिकने कार्ड पुढे केलं आणि तो काहीतरी म्हणाला. त्याच क्षणी फोनमध्ये आवाज आला. मी पुंडलिककडे बघून मान हलवली, कार्डावर सही केली आणि ओरडले, "पुन्हा सांगा!"

"दोन हजार," पलीकडून आलं. "दो, शून्य, शून्य, शून्य. यंदा नवी लाईन जोडली ना, त्यामुळे वाढलाय."

शंभर भागिले दोन हजार. पॉइंट शून्य पाच. पॉइंट दोनमध्ये मिळवलं, पॉइंट पंचवीस. चारशे. पाचशेचे चारशे झाले होते, पण अडीचशेच्या खाली काही यायला तयार नव्हते. मी साहेबांच्या खोलीकडे पळाले. साडी नेसून पळण्यात मी तोवर बरीच तरबेज झाले होते.

"चारशे," मी म्हणाले.

खानझोडे साहेबांनी पेन्सिल घेतली. "मला तुमच्या पॉइंट दोन, पॉइंट चारचा भरवसा वाटत नाही. मी ओहममध्ये करतो. आम्ही तसंच शिकलो."

ते एकेकाळचे हुशार अभियंते, पण दहा वर्षं निविदा आणि बैठका यांतच गेली होती. तरी पेन्सिल झरझर चालली. ग्रिडचे आठ पॉइंट सात ओहम. दोन ट्रान्सफॉर्मर मिळून पॉइंट दोन चार. बेरीज जवळपास नऊ. त्यांनी भागाकार केला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"सातशे नऊ अँपिअर. तुमचा ब्रेकर किती तोडतो?"

"अडीचशे म्हणजे तेरा हजार."

"मग?"

कागदावर चूक दिसत नव्हती. रॉकेलने पुसलेली पाटी, तो फोन, सगळं कशासाठी, असं झालं. क्षणभर मला त्यांचंच खरं वाटलं. ते भाषणाच्या कागदाकडे वळलेसुद्धा.

मग मला ते आठ पॉइंट सात दिसले.

"साहेब, हे एकशे बत्तीसच्या बाजूचे ओहम आहेत."

"हो. मग?"

"आणि हे पॉइंट दोन चार अकराच्या बाजूचे. दोन्ही एकात मिसळता येणार नाहीत. एकशे बत्तीस म्हणजे अकराची बारा पट. ओहम बाराच्या वर्गाने बदलतात. आठ पॉइंट सातला एकशे चव्वेचाळीसने भागावं लागेल."

बाहेर लाऊडस्पीकरवर सनईची तबकडी लागली. साहेबांनी भागाकार केला. पॉइंट शून्य सहा. बेरीज केली. पॉइंट तीन. पुन्हा भागाकार. या वेळी पेन्सिल हळू चालली, एकेक आकडा नीट काढत. मी माझी वही उघडून त्यांच्या कागदाशेजारी ठेवली. माझ्या रीतीनेही मी अँपिअर काढून ठेवले होते.

त्यांच्या कागदावर आलं: वीस हजार नऊशे पंचाण्णव.

माझ्या वहीत होतं: वीस हजार नऊशे पंचाण्णव.

दोन वेगळ्या वाटांनी निघालेली माणसं एकाच दारात भेटावीत तसे ते आकडे शेजारी शेजारी होते. मला हसू आवरेना. साहेबही हसले, अगदी थोडं, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. कारण आता त्यांना ते खोडता येणार नव्हतं.

"कपलर न जोडता उघडा ठेवला तर?" त्यांनी विचारलं.

"मग प्रत्येक भागाला एकच ट्रान्सफॉर्मर. पॉइंट पंचेचाळीस. दोनशे बावीस. अडीचशेच्या आत."

"आणि एक ट्रान्सफॉर्मर गेला तर?"

"त्याचा ब्रेकर उघडायचा आणि मग कपलर जोडायचा. मारोतरावांना दोन मिनिटं लागतील."

"दोन मिनिटं अंधार."

"दोन मिनिटं."

त्यांनी भाषणाचा कागद घेतला. 'दोन्ही ट्रान्सफॉर्मर हातात हात घालून' असं एक वाक्य होतं. त्यावर आडवी रेघ मारली. कपलरची किल्ली मागवून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती.

कार्यक्रम वेळेवर झाला. पाहुण्यांच्या गाड्या आल्या, त्यांच्यासाठी पोलिसांनी रस्ता अडवला, नारळ फुटला. पाहुण्यांनी बटण दाबलं, नवा ट्रान्सफॉर्मर घुमू लागला, टाळ्या पडल्या. मी शामियान्यात नव्हते. ब्रेकरच्या खोलीच्या दारात उभी होते. मला तिथेच उभं राहायचं होतं. कार्यक्रमात पुढचं काम वॉटरवर्क्सचा फीडर चालू करायचं होतं, म्हणजे नव्या विजेवर गावाचे पंप सुरू होतील आणि पाहुण्यांना तसं सांगता येईल.

मारोतरावांनी माझी सही असलेलं कार्ड पाहिलं, खिशात ठेवलं, आणि ब्रेकरचं हँडल ओढलं.

जमीन हलली.

तोफेसारखा आवाज झाला. टाकीच्या झाकणातून तेलाची पिचकारी उडाली आणि मारोतराव मागे भिंतीवर आदळले. दिवे मंद झाले, आणि पुन्हा उजळले. ब्रेकर आपोआप उघडला होता. तो लोंढा तोडला होता त्याने. टाकी थरथरत होती, काळपट धूर निघत होता, पण टाकी शाबूत होती.

मी आत धावले. मारोतरावांच्या शर्टावर तेल होतं, चेहऱ्यावर तेल होतं. त्यांनी दोन्ही हात समोर धरून बोटं मोजल्यासारखी पाहिली.

"बहिरा झालो की काय, बाई?"

"ऐकू येतंय का?"

"येतंय," ते म्हणाले आणि खालीच बसले.

खानझोडे साहेब धावत आले, पाठोपाठ आणखी लोक. साहेबांनी टाकी पाहिली, मारोतरावांना पाहिलं, खिशातल्या किल्लीवर हात ठेवला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "आज कपलर जोडलेला असता तर ही भिंत उरली नसती. या पोरीने वाचवलं." कुणीतरी माझी पाठ थोपटली. पाहुणे स्वतः दारापर्यंत आले, माझं नाव विचारलं. माझ्या अंगात वीज खेळत होती. दोनशे बावीस. मी काढलेला आकडा या खोलीत प्रत्यक्ष येऊन गेला होता, आणि ब्रेकरने तो तोडला होता. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, हे कबूल करते.

तो पाचेक मिनिटं टिकला असेल.

गर्दीतून पुंडलिक आत आला. त्याच्या हातात तांब्याची साखळी होती. लाईनवर काम करताना कुणी चुकून वीज सोडली तर माणसाला लागू नये म्हणून तिन्ही तारांना बांधून जमिनीत उतरवतात ती. तिचे तुकडे झाले होते, टोकं वितळून गोळे झाले होते.

"रस्त्यापलीकडच्या पहिल्या खांबाखाली पडली होती," तो म्हणाला.

तिन्ही तारा एकदम कशाने चिकटल्या, ते आता कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

"तू साखळी न काढता कार्ड दिलंस?" खानझोडे साहेबांचा आवाज चढला.

पुंडलिकने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पडताळून पाहिल्यासारखं. "मॅडम, मी सांगितलं होतं ना? कार्ड आता ठेवून घ्या, साखळी अजून वर आहे, जाऊन काढतो आणि निरोप देतो. तुम्ही हो म्हणालात."

फोनमधला तो आवाज. माझी हललेली मान. मारोतरावांनी खिशातून कार्ड काढलं. तेलाने भिजलं होतं, पण वाचता येत होतं. 'साखळी काढली' हा रकाना कोरा होता, आणि त्याखाली माझी सही.

"आधी मला इथं खुर्च्या लावायला धरलं, मग मी तिकडंच निघालो होतो," पुंडलिक पुढे म्हणाला. "गाड्यांसाठी पोलिसांनी रस्ता अडवला. दहा मिनिटं सायकल धरून उभा होतो. नाहीतर मी खांबावर असतो."

त्याने ते साध्या आवाजात सांगितलं. मी सगळी सकाळ मारोतरावांच्या जिवासाठी पळत होते. पुंडलिकच्या जिवावर मी उभ्या उभ्या सही करून टाकली होती.

"हो," मी म्हणाले. "हो. त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

"मी पण रकाना नाही पाहिला," मारोतराव खालूनच बोलले. "सही पाहिली. तुमची सही होती म्हणून नाही पाहिला."

ते मला धीर द्यायला बोलले असावेत. त्या दिवसातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी खानझोडे साहेबांनी मला अहवाल लिहायला बसवलं. मी सगळं लिहिलं: चारशेचं गणित, उघडा कपलर, आणि शेवटी कारण, 'परमिट परत घेताना कनिष्ठ अभियंता ढोबळे यांनी लाईनमनचं बोलणं न ऐकता सही केली.' साहेबांनी तो दोनदा वाचला.

"वर पाठवल्यावर हे वाक्य तुमच्या नोकरीभर तुमच्यासोबत राहील. काढायचं असेल तर आत्ता सांगा. पुंडलिकला मी समजावतो."

"राहू द्या, साहेब."

"विचार करून सांगताय?"

"त्याला काय समजावणार तुम्ही?"

त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

महिन्याभराने माझ्या नावे दोन पत्रं आली, एकाच पाकिटात. एकात कौतुक होतं, एकात ताकीद आणि वर्षाची रोखलेली वेतनवाढ. साहेबांनी मला बोलावून एक यादी दिली. परिसरात दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवलेली आणखी सात उपकेंद्रं होती. "सगळ्यांचं गणित करा. तुमच्या मापाने. मी ओहममध्ये पडताळीन."

सोमवारच्या पहिल्या बसने मी निघाले. पहिल्या उपकेंद्राचा आकडा निघाला तीनशे दहा, ब्रेकर अडीचशेचे, आणि कपलर गेले वर्षभर जोडलेला. तिथला ऑपरेटर आडदांड, मिशाळ माणूस होता. त्याला माझं येणं फारसं आवडलेलं नव्हतं. मी वही मिटली. कपलर उघडायला सांगण्याआधी त्याला विचारलं, "आज लाईनवर कोण कोण गेलंय? नावं सांगा."

"नावं कशाला पाहिजेत?" तो म्हणाला.

"सांगा. मी ऐकतेय."

त्याने तीन नावं सांगितली. मी ती लिहून घेतली, आणि त्याला पुन्हा वाचून दाखवली.